पाहुणा, तिसऱ्यांदा

१२ जानेवारी

आज एकाच माणसाला दोनदा अटक होताना पाहिलं. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. दोन्ही वेळा धो धो पाऊस पडत होता. खऱ्या पाहुण्याला रणरणत्या उन्हात, चपला दुरुस्त करून घेताना पकडलं होतं, पण ते सिनेमात कुठलं शोभणार.

दिग्दर्शकानं गृहपाठ दिलाय. पाहुण्यावरचे आधीचे दोन्ही सिनेमे बघायचे आणि त्या लोकांनी काय केलं ते त्याला सांगायचं, म्हणजे आपण ते करायचं नाही. तिसरा सिनेमा आमचा. पोरगा माझ्यापेक्षा बराच लहान आहे, मला ताई म्हणतो, आणि संकलन ताईच करणार म्हणून निर्मात्याशी भांडलाय. तेव्हा गृहपाठ करणं आलं.

म्हातारपणी ही वही वाचताना मलाच आठवलं नाही तर, म्हणून लिहून ठेवते. 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी बघून तो घरात यायचा. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. खोली बघायचा, पाणी मागायचा, चार विनोद करायचा. घरात बाई एकटीच आहे अशी खात्री झाली की तिला मारायचा आणि दार ओढून घेऊन निघून जायचा. 'पाहुणा' हे नाव वर्तमानपत्रांनी दिलं. त्या वर्षी माझ्या आईनं आमच्या दारावरची पाटी काढून माळ्यावर टाकली होती. पुढे तो तुरुंगात आजारानं मेला.

पहिला सिनेमा म्हणजे आनंदच आहे. पाहुणा व्यायामशाळेतून थेट आल्यासारखा. लहानपणी सावत्र बापानं मारलं म्हणून तो असा झाला, आणि ते पटलं नाही तर पटेपर्यंत एक गाणं. शेवटची जी मुलगी मेली, जिच्यामुळे तो सापडला, ती मोजून दोन मिनिटं दिसते. डोक्यावर केसांचा टोप, तोही वाकडा. तिला नाव नाही. शेवटच्या नामावलीत लिहिलंय 'खोली शोधणारी मुलगी'. खोली ती शोधत नव्हती रे बाबांनो, दाखवत होती.

दुसरा सिनेमा हुशार लोकांचा. त्यात इन्स्पेक्टर झोपत नाही, बायकोशी बोलत नाही आणि भिंतीवर फोटो लावून त्यांच्यामध्ये दोरे बांधतो. मेलेल्या बायका म्हणजे ते फोटो. आमची मुलगी खालून दुसरी, कोपऱ्यात.

माझा निकाल असा: पहिला खुन्याच्या प्रेमात पडलाय, दुसरा पोलिसाच्या. मुलीच्या प्रेमात कुणीच नाही. ते आम्ही करणार. नवऱ्याला हे सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानातून दमून आला होता. म्हणाला, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." मी म्हटलं, आमचा बाब्या अजून जन्मायचाय, बघशील.

१९ जानेवारी

दिग्दर्शकाबरोबर मुलीच्या आईकडे जाऊन आले. बाई निवृत्त नर्स आहेत, सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, आम्हीही तेच म्हणू लागलो. ताठ बसतात. बोलताना आपल्या मनगटाकडे बघतात, अजून कुणाची तरी नाडी मोजत असल्यासारख्या.

वरची खोली मी मनात बंद कुलपातली धरली होती. तिथे एक जोडपं राहतं, बाळाचे कपडे वाळत घातलेले दिसले. सिस्टर म्हणाल्या, "रिकामी ठेवून काय करू? जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजलेली बरी असतात."

दिग्दर्शकानं चाचरत विचारलं, आधीचे सिनेमे तुमच्या कानावर आले असतील. त्या म्हणाल्या, "पाहिलेत की दोन्ही. तिकीट काढून. पहिला दोनदा पाहिला."

तो वाकड्या टोपाचा सिनेमा, दोनदा. कसे वाटले, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "बरे होते."

गाडीत दिग्दर्शक म्हणाला, बाईंचं मन दगड झालंय. मलाही तसंच वाटलं. इतकं सोसल्यावर माणसाला चांगलं-वाईट कळेनासं होत असेल.

निघताना त्यांनी एक छोटी कॅसेट दिली. मुलीनं स्वतः काढलेलं चित्रण. सिस्टर स्कूटर शिकतायत आणि मुलगी कॅमेरा धरून अंगणात उभी आहे. त्यामुळे ती कुठेच दिसत नाही, ऐकू मात्र येते. "आई, ब्रेक. ब्रेक म्हटलं, हॉर्न नाही." मग सिस्टर कुंपणात जातात आणि ती हसते. हसणं कसलं, सुटतंच ते. आधी नाकातून एक फुर्र, मग श्वास अडकतो, मग सगळं.

"तुमच्या नटीला ऐकवा," सिस्टर म्हणाल्या. "ती कशी बोलायची ते तिला कळेल. मग मला परत द्या."

३ फेब्रुवारी

आज तो प्रसंग हातात आला. मुलगी पाहुण्याला खोली दाखवते, तो न्हाणीघराच्या दाराबद्दल काहीतरी विनोद करतो, ती हसते, तो मागे हात नेऊन कडी लावतो. खून दाखवायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. कडीवर संपवायचं.

चित्रण सुरेख आहे, पण आवाज गेलाय. बाहेर कुणीतरी लोखंड कापत होतं. नटीचं हसणं नंतर डबिंगमध्ये घ्यावं लागणार. आमच्या धंद्याची रीत अशी की खरा आवाज येईपर्यंत जागा मोकळी ठेवायची नाही. मुक्या चित्रावर कात्री नीट चालत नाही. म्हणून मिळेल तो तात्पुरता आवाज तिथे घालून ठेवायचा आणि पुढे जायचं.

मी कॅसेटमधलं त्या मुलीचं हसणं घातलं. हाताशी तेच होतं.

ते नटीच्या ओठांवर असं काही बसलं की मी खुर्चीत मागे सरकले. फुर्र, अडकलेला श्वास, मग सगळं. आणि हसणं ऐन रंगात असताना कडी. खट्. पुढे काळोख. अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत इतका नेमका काप मला साधला नव्हता. खोटं कशाला लिहू, स्वतःवर बेहद्द खूश झाले. जवळ लाल अक्षरांत 'तात्पुरता' अशी खूण घालून ठेवलीय.

१० फेब्रुवारी

दिग्दर्शकाला दाखवलं. तो रडला. नाक पुसत म्हणाला, "ताई, त्या दोन सिनेमांत आणि आपल्यात हाच फरक." अगदी खरं आहे. त्यांच्याकडे गाणं आहे, दोरे आहेत, पाऊस आहे. आमच्याकडे एक जिवंत मुलगी आहे. इतकी वर्षं सगळे पाहुण्याचंच ऐकत आलेत. तिला आम्ही पहिल्यांदा बोलू दिलं.

नवरा डबा द्यायला आला तेव्हा तो तुकडा त्यालाही दाखवला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हसतेय कोण?"

सांगितलं.

"तिच्या आईला विचारलंस?"

मी म्हटलं, अरे, ते राहणार नाहीये, तात्पुरतं आहे. तो बरं म्हणाला आणि डबा ठेवून गेला. माझा संबंध दिवस फुकट चिडण्यात गेला. चष्म्याचे नंबर काढणाऱ्यानं संकलनात नाक खुपसू नये.

२४ फेब्रुवारी

डबिंग. बिचारी नटी हसून हसून घामाघूम झाली. दर वेळी आम्ही आधी तिचं हसणं लावायचो, मग मुलीचं, आणि काचेमागे एकमेकांकडे बघायचो. सवय वाईट असते. तात्पुरतं म्हणून घातलेलं कानात मुरलं की खरं आलेलं खोटं वाटतं. हे मी नव्या संकलकांना शिकवत आलेय, आणि आज मीच मान हलवत होते.

शेवटी नटी कानावरचा हेडफोन काढून म्हणाली, "मला नाही जमणार. ती कुणाला तरी हसतेय. मी नुसतीच हसतेय."

दिग्दर्शक म्हणाला, "ताई, राहू दे तेच." मी म्हटलं, बघू.

लाल खूण काढलीय. सिस्टरना सांगायचंच आहे, पण सांगण्याचीही एक वेळ असते. पूर्ण सिनेमा एकदम दाखवला म्हणजे त्यांना कळेल आम्ही केवढ्या मायेनं केलंय ते.

६ मार्च

सिस्टरचा फोन. कॅसेट कधी परत मिळेल? मी म्हटलं, अजून थोडं काम बाकी आहे. त्या म्हणाल्या, "नटी फारच हळू शिकतेय वाटतं." चेष्टेनंच म्हणाल्या, मीही हसले. वेळ मारून नेली.

१४ मार्च

ट्रेलर आलं.

ट्रेलर कापणारी मंडळी वेगळी असतात. त्यांना आमच्याकडून सिनेमा जसाच्या तसा जातो आणि त्यातलं जे चमकतं ते ती उचलतात. त्यांनी काय उचललं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. आधी काळोख. काळोखात ते हसणं. कडी. मग सिनेमाचं नाव. चित्र नाहीच.

लोक वेडे झालेत. आधीचे दोन सिनेमे याच्यापुढे पाणी भरतील असं लिहितायत. काही पोरापोरींनी त्या हसण्यावर आपापले व्हिडिओ काढलेत. दार उघडायचं, हसणं लावायचं, आपण घाबरल्यासारखं करायचं. एकानं मांजराला हसवलंय. निर्मात्यानं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवलेत.

मला आनंद व्हायला हवा. झालाही, सकाळी. सिस्टरना फोन करायला हवा. त्या कुठल्या एवढ्या फोनवर बघत बसणार.

१६ मार्च

केला नाही.

१७ मार्च

सिस्टर आल्या. आगाऊ फोन नाही, काही नाही. मी दार उघडलं तर समोर उभ्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. म्हणाल्या, "बसू का?"

मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास तसाच ठेवला. मग सांगितलं, वरच्या खोलीतली बाळाची आई भाजी निवडत होती, फोन शेजारी चालू होता, आणि त्या जिन्याखालून जात होत्या. "मला वाटलं, ही आली. विचारच नाही केला. दोन पायऱ्या चढलेसुद्धा."

मी बोलायला लागले. काय काय बोलले देव जाणे. तात्पुरतं म्हणजे काय ते सांगितलं, नटीचं सांगितलं, ट्रेलरवाले वेगळे असतात तेही सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. त्या ऐकत होत्या, मनगटाकडे बघत. मी थांबल्यावर म्हणाल्या, "मला ते पूर्ण दाखवा."

नको म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. दाखवलं.

कडी वाजल्यावर पडदा काळा झाला, तरी त्या बघतच राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, सिस्टर, आम्हाला फक्त तिला न्याय द्यायचा होता. त्या दोन सिनेमांत ती कुठे होतीच नाही.

"नव्हती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बघवले. पहिल्यातली ती वाकड्या केसांची पोर कोण कुठली. मी दोनदा बघून आले, मलाच खात्री करून घ्यायची होती. दोन्ही वेळा वाटलं, ही आपली नाही. त्या दुसऱ्यात तर नुसता फोटो, तोही भलत्याच कुणाचा. त्या लोकांनी कुणाला तरी मारलं. माझ्या पोरीला नाही मारलं." मग माझ्याकडे पाहून, आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "तुम्ही मारलीत. त्यानं तिला हसवलं असं तो कोर्टात म्हणाला होता. मी कधी मानलं नाही. ती मला हसली होती, बाई. मी पडले म्हणून. ते तुम्ही उचलून त्याला दिलंत."

काढते, एवढंच म्हणाले.

"काढा," त्या म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "आणि तो फोनवरचा आवाज?"

तो आता कुणाच्याच हातात नाही, हे मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं.

१८ मार्च

दिग्दर्शकाशी कडाक्याचं भांडण. तो सिस्टरना भेटायला तयार नाही, डोळ्याला डोळा देववणार नाही म्हणतो. हसणं काढायलाही तयार नाही. "ते काढलं तर आपल्यात आणि त्या दोघांत फरक काय राहिला?"

मी म्हटलं, काही नाही राहणार.

निर्माता म्हणाला, लोक तेच ऐकायला तिकीट काढणार आहेत, तुम्हाला नसेल जमत तर कापणारे पुष्कळ आहेत. मी म्हटलं, मग माझं नाव काढा, आणि का काढलं ते विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन. असं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. निर्माता हसणं काढायला आणि ट्रेलर मागे घ्यायला कबूल झाला, तोही माझ्या धाकानं नाही, वकिलाच्या सल्ल्यानं. घेऊन तरी काय उपयोग. घोडा कधीच उधळलाय.

दिग्दर्शक जाताना ताई म्हणाला नाही.

२१ मार्च

नटीचं हसणं घातलं. ज्यांवर आम्ही माना हलवल्या होत्या त्यांतलंच एक. प्रसंग पडलाय, हे कुणीही शेंबडं पोर सांगेल. नटी छान हसते, आणि ती नटी आहे हे कळतं. तसंच ठेवलं.

संध्याकाळी पहिला सिनेमा पुन्हा लावला, वाकड्या टोपाचा. ती दोन मिनिटं आली तेव्हा मी टोपाकडेच बघत राहिले. कपाळावर एका बाजूला चांगला बोटभर सरकलाय. कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे एक आई ते दोनदा बघून सुखरूप घरी गेली. नवरा शेजारी येऊन बसला. यावेळी तो बाब्याचं काही बोलला नाही.

२५ मार्च

कॅसेट द्यायला गेले. दारातूनच देऊन पळायचं ठरवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "या आत. काम आहे."

टीव्हीला जुना कॅमेरा जोडून ठेवला होता. म्हणाल्या, "तिच्या वाढदिवसाला दर वर्षी लावते. आज आहे. एकटीनं लावायची भीती वाटतेय. हसणं रंगात आलं की ती कडी वाजेल असं वाटतं. तुम्ही बसा. तुम्हीच लावलंय ते मागे."

मी बसले. वर बाळ रडत होतं, मग थांबलं.

अंगण आलं. तरुण सिस्टर, पदर खोचलेला, स्कूटरवर ताठ. "आई, ब्रेक. ब्रेक म्हटलं, हॉर्न नाही." कुंपण. मग नाकातून ती फुर्र, अडकलेला श्वास, आणि सगळं. कॅमेरा हलायला लागला. सिस्टरनी माझं मनगट पकडलं. बोटं बरोबर नाडीवर. हसणं वर वर गेलं आणि जिथे मी कापलं होतं तिथे पोचलं, तेव्हा आम्ही दोघींनीही श्वास धरला होता. मला कडीचं ते खट् ऐकू आलं. खरंच आलं. त्यांनाही आलं असणार, कारण बोटं आवळली गेली.

हसणं पुढे चालूच होतं. हळूहळू ओसरलं. मग कॅमेरा जमिनीकडे वळला, धावणारी पावलं दिसली, आणि धापा टाकत ती म्हणाली, "आई, लागलं का गं? बघू. कुठे लागलं?"

सिस्टरनी टीव्हीवरची नजर काढली नाही. विचारलं, "हे तुम्ही ऐकलं होतं?"

ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी, हेडफोन लावून, स्वच्छ. प्रसंगाला उपयोगाचं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.